दीपमाला एकच म्हणाली

नणंदेनं भावजयीचं कौतुक केलं की लोकांना वाटतं, हिचं काहीतरी काम अडलं असेल. वाटू द्या. मी अकोल्यात माझ्या घरी सुखात आहे, माझं काही अडलेलं नाही. पण माझ्या दीपमाला वहिनीसारखी बाई मी अख्ख्या वऱ्हाडात दुसरी पाहिली नाही, आणि हे मी कोणासमोरही सांगेन.

माझं माहेर शेंदूरजनाघाटचं. घरची संत्र्याच्या कलमांची नर्सरी. जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, खुंटाला काप द्यायचा, त्यात चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा डोळा बसवायचा आणि वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. याला आम्ही डोळा बांधणं म्हणतो. हे काम बाप्यांचं, असं आमच्याकडे सगळे धरून चालले होते. वहिनी लग्न होऊन आली, चार दिवस नुसती पाहत राहिली आणि पाचव्या दिवशी तिनं चाकू हातात घेतला. आता दिवसाला पाचशे डोळे बांधते, आणि तिच्या ओळीत शंभरातले नव्वद लागतात. देवमनकाका आमच्याकडचे तीस वर्षांचे जुने कारागीर. ते तिच्या ओळीसमोरून जाताना दुसरीकडे बघतात.

आमच्या आईची, माणिकबाईची, मात्र एक सवय होती. एका खुंटावर दोन डोळे बांधायचे. एक वाळला तर दुसरा आहेच. दोन्ही फुटले तर कमजोर फुटवा मोडून टाकायचा. नर्सरीत हे वर्षानुवर्षं असंच चाललं, आणि तिथूनच आमचं चुकलं.

लग्नाला आठ वर्षं झाली तरी वहिनीला मूल नव्हतं. अमरावतीला टेस्ट ट्यूबचा इलाज सुरू केला. गर्भ तयार झाले, तेव्हा डॉक्टरबाईंनी विचारलं, पोटात एक ठेवायचा की दोन? दोनाचे धोकेही त्यांनी नीट सांगितले. आम्ही ऐकतो कुठले! आई म्हणाली, "दोन ठेवा बाई. आमी झाडालेबी दोनच बांधतो." मीही तिथंच होते, माझी जीभ काय गप्प बसते? मी म्हटलं, "एका बाळंतपणात दोन, वहिनी, सुटलीस तू!" माझा भाऊ मनोज नुसता हसत होता. आम्ही सगळ्यांनी मिळून तिच्या तोंडून हो काढून घेतलं.

दोन्ही लागले. आईनं गल्लीभर पेढे वाटले. मी दोन पाळणे सांगून ठेवले आणि नावंही ठरवली, कारण नाव ठेवायचा मान आत्याचा. एक पोरगा आणि एक पोरगी होणार, हेही मीच ठरवून टाकलं होतं. अनुप आणि आचल.

सातव्या महिन्यात वहिनीचं बीपी चढलं. पाय सुजले, डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. अमरावतीला नेलं, तर डॉक्टरबाई म्हणाल्या, आता थांबलो तर आईसुद्धा हातची जाईल. पोट उघडून लेकरं काढली. खरंच एक पोरगा, एक पोरगी. दोघंही किलोच्या आतली. अनुप चार दिवस जगला, आचल अकरा. वहिनी आयसीयूत होती, अनुपला तिनं पाहिलंच नाही. मी पाहिलं. त्याचा पंजा माझ्या अंगठ्याच्या एका पेराएवढा होता.

मी अकोल्याला परत आले आणि महिनाभर तिला फोन करायची माझी हिंमत झाली नाही. शेवटी तिनंच केला. "ताई, कावून रुसल्या? मले बोलाले कोनी नाई इथं." लाज वाटली हो मला, फार लाज वाटली.

दोन वर्षं गेली. दवाखान्यात आमचे दोनच गर्भ गोठवून ठेवलेले उरले होते. पुन्हा पहिल्यापासून सुया टोचून घ्यायची ताकद वहिनीत नव्हती. आई व्हायचं तर या दोनांतूनच. आम्ही चौघं परत डॉक्टरबाईंसमोर बसलो आणि तोच प्रश्न आला.

"दोनी ठेवा," आई म्हणाली. "एक ठेवला अन् नाई लागला तं?"

मनोज खाली बघत म्हणाला, "दोन ठेवू ना, दीपा. आखरी मौका आहे आपला."

डॉक्टरबाईंनी लपवलं नाही. "एक ठेवला तर या खेपेला लागायची आशा थोडी कमी, हे खरं आहे. पण दुसरा आमच्याकडे सुरक्षित राहतो. जुळं राहिलं तर बीपी परत चढण्याची भीती जास्त, लेकरं परत वेळेआधी येण्याचीही. मागच्या वेळी तुम्ही थोडक्यात वाचलात."

"एक," वहिनी म्हणाली.

"अवं, पन..."

"आई, नर्सरीत दोनी डोळे फुटले तं तुमी एक मोडता. इथं कोनता मोडाचा, ते आधी सांगा. सांगता?"

मग ती डॉक्टरबाईंकडे वळली. "मले दोन लेकरं नाई पायजे. मले एक जितं लेकरू पायजे. अन् त्याले माय बी जिती पायजे. कुठं सही करू?"

शाब्बास! आज सांगतानाही माझी छाती फुगते. त्या दिवशी मी जन्मात पहिल्यांदा तोंड बंद ठेवलं, आणि मनोजनं मुकाट्यानं तिच्या सहीखाली सही केली.

तो एक लागला. नऊ महिने वहिनीनं एक तपासणी चुकवली नाही, एक गोळी विसरली नाही. पोरगी झाली, दिवस भरून, पावणेतीन किलोची. अशी ठणठणीत रडली की नर्स म्हणाली, "गळा आहे बाई हिचा!"

बारशाला अख्खी गल्ली जमली. आत्या म्हणून मी पाळण्यावर वाकले, तोच वहिनीनं माझा हात धरला.

"ताई, आधी तिले तिच्या भाऊ-बहिणीचं नाव सांगा. तुमी ठेवलेलं."

मागून एक बाई म्हणालीच, "शुभ कामात गेलेल्याईची नावं कावून घेता?"

मी आईकडे पाहिलं. तीन वर्षांत तिनं ती नावं एकदाही काढली नव्हती. तिनं डोक्यावर पदर घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "घे वं वर्षाली, नाव घे. माहे नातवंडं होते ते. म्याच घालवले."

"आपन सगळ्याईनं, आई," वहिनी म्हणाली.

मी लेकराच्या कानाशी वाकले. अनुप म्हटलं. आचल म्हटलं. मग म्हटलं, शकुन. पोर झोपलेलीच होती. वहिनी रडत होती, त्या दोघांसाठी, पहिल्यांदाच चारचौघांत. आणि मान ताठ होती तिची.