एर्झी नेनींची हजेरी

नागपूरच्या कांचनने आयुष्यात दोनच सह्या न वाचता केल्या. पहिली लग्नाच्या रजिस्टरवर, दुसरी डेट्रॉइटला आल्यावर शेजारच्या एर्झी नेनींनी पुढे सरकवलेल्या विम्याच्या फॉर्मवर. पहिलीचा पश्चात्ताप तिला अधूनमधूनच होई. दुसरीने मात्र तिच्या नाकी नऊ आणले.

डेट्रॉइटच्या दक्षिणेला, जुन्या मोटार कारखान्यांच्या वस्तीत, हंगेरियन लोकांचं एक मंडळ होतं. त्यांचे आजे-पणजे इथल्या भट्ट्यांवर हातपाय गमावत, तेव्हा एकमेकांच्या बायकामुलांना आधार म्हणून त्यांनी ते काढलं. मंडळाचा विमा घेतला की माणूस आपोआप सभासद, मग तो हंगेरीचा असो की हिंगणघाटचा. हे कांचनला कळलं सभासद झाल्यावर. कॉम्प्युटर येणारी तीच एकटी, म्हणून २००४ साली तिला सेक्रेटरीही करून टाकलं. तिला कोणी विचारलं नाही. एर्झी नेनींनी हात वर केला, मग बाकीच्या सात म्हाताऱ्यांनीही केला.

नेनी म्हणजे मावशी. वय एक्क्याऐंशी, पाठ ताठ, कानात मशीन, आणि आपल्याशिवाय जगात कोणाचंच बरोबर नसतं याची पक्की खात्री. नवरा इश्तवान जाऊन वीस वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दर शनिवारी मंडळाच्या हॉलच्या स्वयंपाकघरात त्या सूपसाठी ‘चिगा’ वळायला बसत. अंड्यात भिजवलेल्या कणकेचे इवले तुकडे खाचांच्या पाटीवर काडीने गुंडाळायचे. कांचनला बघून हसूच आलं, कारण आईच्या हाताखाली असे सरगुंडे तिने उन्हाळेच्या उन्हाळे वळले होते. तिने झरझर पन्नासेक वळून दाखवले. नेनींनी चष्मा लावून एकेक पाहिला आणि सगळे परत गोळ्यात मळून टाकले. “जाड,” एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी कांचनच्या नवऱ्याला, विवेकला, तासभर ऐकून घ्यावं लागलं.

पण खरा डोक्याला ताप होता हजेरीचा. सभेच्या सुरुवातीला सेक्रेटरीने जुन्या चामडी वहीतून एकतीस नावं वाचायची. कांचन अडखळत वाचे आणि नेनी प्रत्येक उच्चार दुरुस्त करत. हॉलमध्ये माणसं नऊ, तरी प्रत्येक नावाला कोणीतरी “येलेन” म्हणे, म्हणजे हजर. न आलेल्या बावीस जणांच्या वतीने दुसरेच बोलतात हे पाहून कांचनने आपला हाउसिंग सोसायटीचा अनुभव लावला, आणि दोन वर्षं रिपोर्टात इमानेइतबारे लिहिलं: हजर नऊ, प्रॉक्सी बावीस.

२००६च्या ऑक्टोबरात मंडळाच्या मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. इतक्या उत्साही शाखेचं कौतुक करायला आम्ही डिसेंबरच्या वार्षिक सभेला येतोय, त्या दिवशी प्रॉक्सीवाल्या सभासदांनीही कृपया जातीनं यावं. कांचन बावीस फोन नंबर मागायला नेनींकडे गेली.

“फोन कशाला?” नेनी म्हणाल्या. “सगळे चर्चच्या मागेच आहेत. माझा इश्तवान तिसऱ्या रांगेत.”

कांचनने कपाळावर हात मारून घेतला. गेलेल्या सभासदाचं नाव इथे कधीच खोडत नसत, कोणीतरी त्याच्या वतीने हजेरी देत असे. हे आधी का सांगितलं नाहीत म्हटल्यावर नेनींनी उलट तिलाच सुनावलं, की सेक्रेटरीला एवढंही माहीत नसावं म्हणजे कमाल आहे.

तिने मुख्य कार्यालयाला फोन करून सगळं कबूल केलं. पलीकडच्या माणसाने बावीसचा आकडा दोनदा विचारून घेतला. मग म्हणाला, आम्ही तरीही येतोच. हॉलमध्ये बारा जिवंत सभासद दिसले नाहीत, तर ही शाखा क्लीव्हलंडच्या शाखेत विलीन. सुटलो एकदाचे, हा कांचनचा पहिला विचार. पण संध्याकाळी ती सांगायला गेली तेव्हा नेनींनी तिने केलेला चहा पिऊन टाकला. त्यात एकही खोट काढली नाही. कांचनला ते बघवेना, आणि वर स्वतःचाच राग आला.

मग तिने विवेकला आणि ऑफिसातल्या प्रतिमा-नंदू जोडप्याला विमा घ्यायला लावला. विवेक कुरकुरला. “यार कांचन, ऑफिसची पॉलिसी आहे ना? अजून एक कशाला?”

“मरायला नाही, मोजायला,” ती म्हणाली.

सभेच्या दिवशी सकाळपासून बर्फ पडत होता, तरी बाराच्या बारा आले. पाहुणेही आले. सगळं नीट व्हावं म्हणून कांचनने फक्त जिवंतांची नवी यादी छापून आणली होती. नेनींनी ती पाहिली, कोट चढवला आणि बाहेर आपल्या गाडीत जाऊन बसल्या. हॉलमध्ये उरले अकरा.

कांचन चरफडत बर्फातून गाडीपाशी गेली. नेनींनी काच चार बोटं खाली केली.

“आधी ते, मग मी. ते हजर नसतील तर मीही नाही.”

“नेनी, पाहुणे माणसं मोजतायत. शाखा जाईल.”

“जाऊ दे. यांनाच वगळायचं तर शाखा हवी कशाला?” नेनींनी समोर बघितलं. “इश्तवानसाठी मी बोलते. माझ्यासाठी कोण बोलणार?”

“मी बोलेन. चला आता आत.”

“कशी बोलशील? बोलून दाखव.”

“येलेन.”

“ऐकू आलं नाही.”

आणि म्हणून इन्फोसिस्टिम्सची सीनियर ॲनालिस्ट पार्किंगमध्ये, बुटांत बर्फ शिरत असताना, “येलेन” म्हणून तीनदा ओरडली. तिसऱ्या वेळी नेनींनी गाडीचं दार उघडलं.

जुनी वही आली. पाहुणे पेन खाली ठेवून ऐकत बसले. इश्तवानच्या नावाला नेनी उभ्या राहून बोलल्या. वहीत पुढचंच नाव त्यांचं होतं. कांचनने ते वाचलं, आणि ओरडून ओरडून जिभेवर बसलेलं “येलेन” तिच्याच तोंडून हॉलच्या टोकापर्यंत गेलं.

सगळ्यांच्या माना नेनींकडे वळल्या. नेनींनी कानातलं मशीन नीट केलं.

“उच्चार बरा आहे,” त्या म्हणाल्या. “पण अजून मी आहे. पुढचं नाव वाच.”