भाऊजींना मिळालेली दुपार

माझ्या ताईचा नवरा चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात आहे. तिथे दर वर्षी मुकादम प्रत्येकाला विचारतो, जेवणापर्यंतची पाळी हवी की दिवेलागणीपर्यंतची? लहान पाळीत पगार कमी, पण दुपार आपली. घर त्यातही भागलं असतं, ताई स्वतः सांगायची. पण भाऊजींचं उत्तर ठरलेलं, मोठी पाळी.

ताईला हवं तरी काय होतं? जेवल्यावर हा माणूस घटकाभर शेजारी बसावा, बस्स. लेक कॅरमवर पावडर टाकून वाट बघायची. भाऊजींचा मात्र नन्नाचा पाढा. म्हणायचे, "पोरीचं लग्न होऊ दे, मग दुपारच दुपार." मी तोंडावर सुनवायचे, "दुपार काय चादर आहे भाऊजी, घडी घालून ठेवायला?" ते हसण्यावारी न्यायचे.

लेक लग्न होऊन लांब गेली. तेव्हा कुठे स्वारीने लहान पाळी मागितली. ताईला चकित करायचं म्हणून घरी पत्ता लागू दिला नाही. पहिल्या दुपारी ऐटीत आले, तर दाराला कुलूप.

मी समोरच राहते. बघते तर हे डबा मांडीवर घेऊन पायरीवर बसलेले. "किल्ली कुठाय?" मी विचारलं.

"माझ्याकडे कधी नव्हतीच," ते म्हणाले. "मी यायचो तेव्हा ही घरातच असायची."

एरवी मी चांगलं झाडलं असतं. त्या दिवशी नुसता जीव तुटला.

ताईने तरी एकटीने किती भिंती बघायच्या? पलीकडच्या गल्लीत मैत्रिणींबरोबर तिने शिवणकाम सुरू केलं होतं, त्यालाही आता बरेच दिवस झाले. भाऊजींना सांगितलंही होतं. "बरं बरं" म्हणून त्यांनी कूस बदलली होती.

ताईने त्यांना किल्ली करून दिली, पण शिवणकाम सोडलं नाही. का म्हणून सोडावं? भाऊजी मोठी पाळी परत मागायला गेले, तर ती जागा भरलेली. आता रोज कुलूप काढतात, झाकून ठेवलेलं जेवतात आणि कॅरमवर एकटेच दोन्ही बाजूंनी खेळतात.

परवा संध्याकाळी मी तिथेच होते. ताई आली, पिशवी खुंटीला लावत म्हणाली, "काय केलंत दुपारभर?"

"तुझी वाट बघितली."

ताई म्हणाली, "मीही बघायचे हो," आणि चहा ठेवायला आत गेली.