जमनाची हाक

जमना मागच्या दारी बोंबील साफ करत होती आणि घरात नामदेव टीव्हीसमोर पोट धरून हसत होता. सिनेमात खलनायकाचा जाडा मेहुणा शेणाच्या खड्ड्यात पडला होता. पडता पडता तो बाईच्या आवाजात किंचाळला होता, त्याचं हे हसू.

जमनाचे हात जागच्या जागी थांबले. तो आवाज तिचा होता. लेक उन्नती पाळण्यात होती तेव्हा, इथेच पालघरजवळच्या माहीमच्या किनाऱ्यावर, तो तिच्या तोंडून निघाला होता.

त्या वर्षी गावात शूटिंग आलं होतं. वादळात सापडलेली होडी दाखवायची होती, म्हणून त्यांनी नामदेवची होडी ठरवली आणि किनाऱ्यावर रडायला जमनासकट गावातल्या बायका उभ्या केल्या. जाळं ओढायचं यंत्र आणखी जोरात फिरव, झकास दिसेल, असं कुणीतरी भोंग्यातून सांगितलं. नामदेवनं फिरवलं. हात दोरात गुंतला आणि कोपरापर्यंत चिरडला. जमना ओरडली तेव्हा तो शुद्धीवर नव्हता. पालघरला हात कापावा लागला. शूटिंगवाले दुसऱ्या दिवशी सामान भरून निघून गेले, रेकॉर्ड झालेली तिची किंकाळीही घेऊन. नामदेव पुन्हा होडीवर गेला नाही, संसार जमनाच्या मासळीच्या पाटीवर चालला.

तिनं आत येऊन टीव्ही बंद केला.

"अगं, बघू दे ना," नामदेव डोळे पुसत म्हणाला. "कसा बाईसारखा बोंबलतो बघ तो."

जमना पुन्हा बोंबील साफ करायला गेली. पण त्या दिवसापासून तिला नवऱ्याचं हसणं सहन होईना. त्याला बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं हे तिला कळत होतं, तरी राग यायचा, आणि त्याच्यावर राग येतो म्हणून आणखी राग यायचा. बाजारात गिऱ्हाईक हसलं तरी ती खेकसायची.

शेवटी उन्नतीनं खोदून खोदून विचारलं. उन्नती बोईसरच्या एका कारखान्यात कामाला होती. आईचं ऐकून तिनं मोबाईलवर शोधलं, तर कुणीतरी ती किंकाळी जिथे जिथे वापरली ते सगळे तुकडे एकापुढे एक जोडून ठेवले होते. भुताच्या सिनेमात ती होती, पंख्याच्या जाहिरातीत होती, कार्टूनमधल्या मांजराची शेपटी दारात चेंगरली तिथेही होती. खाली लिहिलं होतं की ही सिनेमाला आवाज जोडणाऱ्या, आवाजवाल्या लोकांची आपसातली जुनी गंमत आहे. हिला ते 'कोळीणबाई' म्हणतात. एकानं सिनेमात कुठेतरी गुपचूप घालायची, बाकीच्यांनी थेटरात ओळखून हसायचं. बाई कोण ते कुणाला ठाऊक नाही, असेल कुणी नटी.

"आये, हे खरंच तुझं हाय?"

"माझंच हाय. न इचारता उचललंय."

पुढच्या हिवाळ्यात एका मालिकेचं शूटिंग सुरूच्या बनात आलं. जमना बाजारातून परतत होती. रिकामी पाटी खाली ठेवून ती थेट कानाला हेडफोन लावलेल्या माणसापुढे जाऊन उभी राहिली. त्याचं नाव अनुज.

"आवाज तू धरतोस?"

"हो, मावशी."

"तुमच्यात एक कोळीणबाई हाय म्हणं."

अनुजचा चेहरा खुलला. "तुम्हाला कसं माहीत? अहो, लाडकी आहे ती आमची. मी पण घातलीय दोन-तीन ठिकाणी." त्यानं लगेच लॅपटॉपवर ती वाजवून दाखवली, 'माऽऽ!' आजूबाजूची माणसं हसली.

"आदीचं अक्षर कुठं गेलं?" जमनानं विचारलं.

"कसलं अक्षर?"

"मी नुसतं 'मा' नाय ओरडले. 'नामा' म्हणून ओरडले. माझ्या नवऱ्याचं नाव हाय ते. एरवी कंदी घेतलं नाय मी, त्या दिवशी घेतलं. तुमी निम्मं कापून ठेवलं."

अनुजनं हेडफोन काढले. तो काही विचारायच्या आत जमनानं त्याचं मनगट धरलं आणि त्याला आळीतून घरापर्यंत चालवत नेलं. नामदेव ओट्यावर बसला होता.

"ह्यांचा हात बघ," ती म्हणाली. "मंग हसून दाखव."

आणि तिथे, दोघांसमोर, तिनं सगळं सांगितलं. नामदेव तिच्याकडे वळला.

"ती शेणातली... तू होतीस?"

"मी."

"आनि मी हसलो."

"तुमाला कुठं ठाव होतं? ह्या आवाजवाल्यांनी तरी इचारायचं होतं, बाई का वरडली ते."

"मावशी, मी तेव्हा शाळेत होतो हो," अनुज म्हणाला.

"आता नाय ना शाळेत? हसतोस ना आता?"

त्यानं मान खाली घातली. माझ्याकडची पुसून टाकतो, म्हणाला. जमनाचं तेवढ्यानं भागेना. तुमच्या सगळ्यांना सांग, माझ्यासमोर सांग, माझं नाव घेऊन सांग, ती म्हणाली. अनुजनं मोबाईल तोंडाशी धरला आणि आवाजवाल्यांच्या ग्रुपवर घडलेलं सगळं बोलून पाठवलं. उत्तरादाखल जोडलेल्या हातांची चित्रं येऊ लागली. मध्येच एकानं हसरी तोंडं पाठवली आणि लिहिलं, मूळ कोळीणबाई सापडली, तर नवीन रेकॉर्ड करून घे. अनुजनं घाईनं मोबाईल फिरवला, पण हसरी तोंडं जमनाला दिसली होती.

"लाव त्याला फोन."

"जाऊ द्या, मावशी."

"लाव म्हणते ना."

फोन तिनं स्वतःच्या हातात घेतला. ती ओरडली नाही. खालच्या आवाजात तिनं त्याला दोर कसा फिरला ते सांगितलं, होडीत किती रक्त होतं ते सांगितलं, भोंग्यातला माणूस काय म्हणाला ते सांगितलं. पलीकडचा दोनदा सॉरी म्हणाला, ठेवू का म्हणाला.

"ठेवू नको. मला वरडताना ऐकलंस, आता बोलताना ऐक."

सगळं सांगून झाल्यावरच तिनं फोन परत दिला.

पुष्कळांनी मग ती किंकाळी वापरणं सोडलं, असं अनुज अधूनमधून उन्नतीला कळवतो. सगळ्यांनी सोडली असं नाही. नामदेव आता कुणाच्या मोबाईलवर ती ऐकली की जवळ जातो आणि सांगतो, ती माझी बायको हाय. ऐकणारा मोबाईल बंद करतो. जमनाचा राग मात्र गेलेला नाही, आणि तो जावा असं तिला वाटतही नाही.

परवा उन्नतीनं सांगितलं की मोबाईलवरच्या एका नव्या खेळात, माकड झाडावरून पडतं तिथे, ती पुन्हा घातली आहे. जमना मासळीला मीठ लावत होती. तिनं पदराला हात पुसले.

"कोणी बनवलाय तो खेळ? नंबर काढ त्यांचा."