लखनौला नेलेला गडू

संस्कृत शिकवण्याची नोकरी संपली त्या दिवसापासून माझ्या नवऱ्याने काशीबाहेर पाऊल टाकायचं नाही असं ठरवलं होतं. इथे मरण आलं की मोक्ष, मग बाहेर जाऊन उगाच धोका कशाला पत्करायचा, असा त्यांचा साधा हिशोब. बालाजी घाटामागच्या आमच्या गल्लीत असा हिशोब करणारे म्हातारे पुष्कळ आहेत, त्यामुळे मीही कधी हरकत घेतली नाही.

मग त्यांचा लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर, उलटला. गळ्यातल्या, काखेतल्या केमोने विरघळलेल्या गाठी परत आल्या. इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लखनौला जाऊन स्टेम सेलचं प्रत्यारोपण करून घ्या. ह्यांच्याच रक्तातल्या मूळ पेशी आधी काढून गोठवून ठेवायच्या, मग जहाल औषधाने रोग मारायचा. त्यात हाडांतली मज्जाही जळते, म्हणून त्या पेशी परत द्यायच्या. पूर्वी सत्तरीच्या माणसाला सहसा हे करत नसत. आता नुसतं वय नाही, हृदय आणि ताकद बघतात. "बाबूजी घाट की सीढ़ियाँ चढ़ लेते हैं न? तो करा लीजिए," त्या म्हणाल्या.

घरी येऊन हे म्हणाले, "या उमरमध्ये लखनौला मरायला जाऊ? लोक मरायला इथे येतात."

"मरायला नाही, जगायला."

"आणि तिथे गेलो तर?"

मला संताप आला. "तुमच्या काशीसाठी मी विसाव्या वर्षी सांगली सोडली. तुम्ही माझ्यासाठी दोन महिने काशी सोडा. मला तुमचा मोक्ष नको, तुम्ही हवे आहात."

एवढ्या वर्षांत मी त्यांच्याशी असं कधी बोलले नव्हते. त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग एकच अट घातली: गंगाजल बरोबर न्यायचं आणि तशी वेळ आलीच तर मी ते त्यांच्या तोंडात घालायचं. मी वचन दिलं.

गंगाकाठी राहणाऱ्यांच्या घरात बंद गडू कुठला असणार? तोंड झाळून बंद केलेले ते तांब्याचे गडू यात्रेकरू आपल्या गावी नेतात, आणि ह्यांनी जन्मभर त्या यात्रेकरूंची टिंगल केलेली. आता स्वतःच दुकानात उभे राहून गडू कानाशी हलवून बघत होते. मला हसू आवरेना.

लखनौच्या इस्पितळात नर्सने दारातच अडवलं. "माताजी, ये अंदर नहीं जाएगा." जंतूंची भीती. गडू माझ्या लॉजच्या खोलीवर राहिला. पेशी परत दिल्या तेव्हा त्या गोठवताना घातलेल्या औषधाचा ह्यांच्या अंगाला लसणासारखा वास यायला लागला. "आयुष्यभर लसणाला शिवला नाहीत, आता भोगा," मी मास्कमधून म्हटलं. ते हसले. ते त्यांचं शेवटचं हसू ठरतं की काय, असं पुढे वाटायला लागलं.

ताप चढला. तोंडभर फोड, पाणीही गिळवेना. नव्या पेशी अजून रुजल्या नव्हत्या. एका दुपारी ते म्हणाले, "गडू आण."

"तो मरणाऱ्याला देतात. तुम्ही झोपा."

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी खोलीवर जाऊन पोटभर रडले. रडून झाल्यावर उठून एक काम केलं, ते पुढे सांगते.

ताप उतरला. पेशी रुजल्या. आम्ही काशीला परतलो आणि हे वाटेत एकदाच टेकून गल्लीच्या पायऱ्या चढले. गंगास्नान मात्र अजून बंद होतं.

पिशवी रिकामी करताना गडू त्यांच्या हाताला लागला.

"हलका का लागतोय? अगं, हा फोडलास?"

"हो. त्याच दुपारी, लॉजवाल्याच्या पेचकसने. पाणी उकळलं, गाळलं आणि बाटलीत भरलं. तुम्हाला घरी सोडेपर्यंत पर्समध्ये होतं."

"गंगाजल उकळलंस?"

"न उकळलेला थेंबही द्यायचा नाही म्हणाले होते डॉक्टर."

"अगं, पण मरणाऱ्याला कसली आलीय जंतूंची भीती?"

"आणि पाजल्यावर तुम्ही जगला असतात तर?"