हसत निघालेली नवरी

विमलआत्या गेल्याचं मला मोबाइलवर आलेल्या व्हिडिओतून कळलं. माझ्या भावांनी घाईत बनवलेला. एकेक विरत जाणारे फोटो आणि मागं बासरी… बासरी लागली की डोळे भरतातच. माझेही भरले, आणि मग संताप आला. बासरीनं आत्याची पार सोशिक, गरीब गाय करून टाकली होती. ती तशी कधीच नव्हती.

मुकुंदवाडीत आत्या लग्नाच्या कॅसेटी जोडायची. शूटिंग तिच्या नवऱ्याचं, कापाकापी तिची. गिऱ्हाइकाला साचा ठरलेला लागे. पंगतीला उडती चाल, पाठवणीला सनई आणि रडणारी नवरी. एखादीचं रडणं कॅमेऱ्यात आलं नाही, तर आत्या होमाच्या धुरानं पाणावलेले तिचे डोळे उचलून सनईवर बसवायची. शालू तोच, चेहरा तोच. बघणाऱ्या बाया पदर डोळ्यांना लावायच्या.

माझं लग्न शहरातल्याच छावणी भागातल्या मुलाशी झालं. घरच्यांशी तीन वर्षं भांडून मी तो मिळवला होता, त्यामुळं निघताना मला रडू आलंच नाही. मी चक्क हसत गाडीत बसले. मांडवपरतणीला आलो तेव्हा सासरे कॅसेट बघायला आत्याकडं आले, आणि पाठवणी बघून त्यांचा चेहरा पडला.

"विहीणबाई, हे भावकीला दाखवायचं कसं? सून लाजच कोळून प्यायली म्हणतील. दोन आसवं बसवा की."

आत्यानं होमातले माझे डोळे आधी सनईवर दाखवले, मग तेच ताशावर. "बगा पाव्हणं. हितं माहेरासाठी रडती, हितं धुरानं बेजार झाली. डोळे त्येच. म्या काय बी दाखवीन. पर ही पोरगी हसली, अन् त्या हसण्यासाठी लई भांडली. ते म्या कापणार नाय."

"बाकीच्यांचं तर बसवता."

"व्हय. त्या रडल्या व्हत्या, कॅमेऱ्याच्या माघारी. ही रडलीच नाय."

सासरे उठून बाहेर गेले. मी आत्याचा हात धरला. म्हटलं, "आत्या, बसव ना. मला तिथं नांदायचंय."

"नांद की. पर खोटं रडून सुरुवात केलीस, तर जलमभर खरं रडावं लागंल."

तिनं कॅसेट माझ्या पिशवीत कोंबली. सासरच्या भावकीतलं एकही लग्न पुन्हा तिच्याकडं आलं नाही. त्याबद्दल ती भावकीला मनसोक्त शिव्या घालायची, पण हात जोडायला कुणाच्या दारात गेली नाही. आणि मी? सुरुवातीला टोमणे लई खाल्ले. पण खाली मान घालून नांदले नाही, हे तिच्यामुळं.

गेल्या आठवड्यात भाऊ तिची यंत्रं भंगारात काढत होते. भांडून त्यातलं कॅसेट लावायचं एक घरी आणलं, हॉलमध्ये मांडलं आणि माझीच कॅसेट लावली. सासरे आता थकलेत. खुर्ची ओढून तेही बसले. चित्र थरथरत होतं, पण पाठवणी आली. ते पुढं वाकून बघायला लागले.

"हसतीच हायेस की गं," ते म्हणाले.

"व्हय अण्णा," मी म्हटलं. "आत्यानं कापलंच नाय."