राघवेंद्ररावांच्या चौदा गोमाशा

परंड्याच्या गुरांच्या दवाखान्यात राघवेंद्रराव कारकून होते. मूळचे तुळजापूरचे, शिक्षण उर्दूतून, अक्षर सुरेख आणि माणसांशी बोलायची हौस बेताची. जिल्हा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात गेला, मुंबईतून महाराष्ट्रात आला, दफ्तरातले छापील नमुने दोनदा बदलले. दारातल्या गुरांवरच्या गोमाशा मात्र होत्या तिथंच होत्या. स्थिर म्हणावी अशी तेवढी एकच गोष्ट दिसल्यावर त्यांनी तिची नोंद ठेवायला घेतली.

गोमाशी म्हणजे घरमाशीची थोराड चुलत बहीण. डासासारखं टोचणं तिला जमत नाही. ती म्हशीचं कातडं कापते आणि वर आलेलं रक्त चाटते. लोकांना ती एकच माशी वाटते. राघवेंद्ररावांना तीन पावसाळ्यांत चौदा जाती सापडल्या. करड्या, पिवळट, पंखांवर ठिपके असलेल्या. काही मधमाशीएवढ्या, तर एक बोटाच्या पेराएवढी. प्रत्येक जात एका काडीपेटीत, वर क्रमांक. टाचण्या सरोजिनीबाईंच्या शिवणाच्या डब्यातल्या. पहिल्या वर्षी त्यांनी नवऱ्याकडं तक्रार केली, दुसऱ्या वर्षी डब्याला कुलूप लावलं.

एवढ्यांची विभागणी करायची तर काही पाया हवा. राघवेंद्ररावांनी डोळे धरले. आठ जातींच्या दोन डोळ्यांमध्ये फट होती, सहा जातींचे डोळे डोक्यावर एकमेकांना टेकलेले होते. म्हणून घराणी दोन. पहिल्यापुढं शेरा होता, 'चावते'. दुसरं घराणं बोरीच्या फुलांवर मिळालं होतं. त्यापुढं लिहिलं होतं, 'स्वभाव शांत, चावल्याची नोंद नाही'.

एकसष्ट साली उस्मानाबादला शेतीचं आणि जनावरांचं प्रदर्शन ठरलं. जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांनी राघवेंद्ररावांना एक टेबल दिलं. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांचं नाव आवक-जावक वहीच्या बाहेर प्रथमच लागणार होतं. पाटी रंगवून झाली: 'परंडा तालुक्यातील गोमाशा. चौदा जाती, दोन घराणी.'

चार दिवस उरले असताना हरणाबाई आल्या. त्यांच्या म्हशी किल्ल्याच्या खंदकातल्या पाण्यात बसत. निम्म्या माशा त्यांनीच आणून दिलेल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण चौदाही क्रमांक तोंडपाठ होते. त्यांनी अ‍ॅल्युमिनियमचा डबा टेबलावर ठेवला आणि झाकण किंचित सरकवलं.

"ही तुमची दोन नंबर, आन् ह्यो सात नंबर. गवतात पडले व्हते. चिकटूनच हायेत."

असं होणार नाही, दोघांची घराणी वेगळी आहेत, असं राघवेंद्ररावांनी सांगून पाहिलं.

"येगळंच असतंय की सायेब. माजं म्हायेर वाशीचं, सासर हितलं."

राघवेंद्ररावांनी भिंग काढलं. हरणाबाई म्हशी धुऊन परत आल्या तरी ते भिंगातच होते. पुढचे दोन दिवस त्यांनी एकेक काडीपेटी उघडून पंख, पाय, पोटावरचे पट्टे जुळवले. शांत स्वभावाचं सबंध घराणं म्हणजे चावऱ्या घराण्याचे नवरे निघाले. माद्यांना अंड्यांसाठी रक्त लागतं. नरांचं फुलांवर भागतं.

सरोजिनीबाईंचं म्हणणं, पाटी राहू द्यावी, उस्मानाबादेत माश्यांचे डोळे तपासायला कोण बसलंय. म्हणणं बरोबर होतं. राघवेंद्ररावांनी एक अख्खा दिवस पाटी तशीच राहू दिली. 'चौदा' दिसायलाही भारदस्त होतं. मग दाढीचं पातं घेऊन त्यांनी तो शब्द खरवडला, तिथं 'आठ' लिहिलं, घराणी पुसली आणि संग्राहक म्हणून स्वतःच्या नावाशेजारी हरणाबाईंचं घातलं.

प्रदर्शनात मोठे साहेब थांबले ते त्या खरवडलेल्या जागेपाशीच.

"हे काय केलंत? तुम्ही चौदा कळवलं होतं. तेच बरं दिसलं असतं."

"सहा नवरे निघाले, साहेब. या बाईंनी दाखवलं."

साहेबांनी हरणाबाईंकडं पाहिलं, त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. साहेबांनी मनात वजाबाकी केली असावी.

"मग उरलेल्या दोघींचे?"

"अजून सापडले नाहीत."

"शोधा," असं म्हणून साहेब शेजारच्या मोठ्या भोपळ्याकडं वळले. बोलण्याच्या ओघात ते म्हणून गेले असतील. राघवेंद्ररावांनी परंड्याला परतल्यावर तारीख घालून तो आदेश आवक वहीत चढवला आणि अंमलबजावणीसाठी त्याच दुपारी ते हरणाबाईंसोबत खंदकाकडं निघाले.