कमळीचा नकार

कमळीला वसईजवळच्या उमेळ्यात भांडकुदळ म्हणतात, आणि ती आहेच. माठाच्या जुडीत घासाघीस करणाऱ्या बाईला ती तोंडावर सुनावते, "बाय, एकदा मातीत हात घालून बघ, मंग भाव कर." तरी गिऱ्हाईक तुटत नाही, कारण भाजी ताजी असते आणि जुडी केळीच्या सोपटाने अशी आवळलेली असते की घरी नेईपर्यंत एक पान गळत नाही. एव्हरशाईन सिटीत एका सोसायटीच्या फाटकाशी तिची टोपली वर्षानुवर्षं मांडलेली आहे. नवरा श्रीपत गेला त्यानंतर घर चाललं ते या टोपलीवर, आणि मुलगी रचना मोठी झाली तीही तिच्यावरच.

रचनाचं सांगायला हवं. ती सातवीत होती तेव्हा शेजारच्या बागायती वाडीतल्या अल्पेशने तिच्यावर अत्याचार केला. चांगल्या खात्यापित्या घरचा, कमावता माणूस. "पोरीचं नाव खराब होईल, मिटवून टाक" असं सांगायला आलेल्यांना कमळीने अंगणातूनच हाकललं, कोर्टाचे उंबरठे झिजवले आणि त्याला तुरुंगात पाठवूनच दम घेतला. त्याच्या आईबापांनी अर्धी वाडी बिल्डरला दिली, एव्हरशाईनमध्ये, कमळी बसते त्याच सोसायटीत फ्लॅट घेतला आणि वाडीतल्या जुन्या घराला कुलूप ठोकलं. रचना मात्र कित्येक वर्षं एकटी उंबऱ्याबाहेर पडली नाही. आता कुठे ती वसईत औषधांच्या दुकानात नोकरीला लागली होती. "आये, मी जाईन एकटी," असं ती यंदा पहिल्यांदा म्हणाली, तेव्हा कमळी चुलीपाठी जाऊन पोटभर रडली. आनंदाने रडली.

आणि नेमका याच सुमाराला अल्पेश सुटणार असल्याचं कळलं. उरलेली शिक्षा माफ झाली होती, पण अटी घालून. राहण्याचा पत्ता पक्का हवा, पोलीस ठाण्यात हजेरी हवी. बापाने फ्लॅटचा पत्ता दिला. पोलीस चौकशीला आले मात्र, सोसायटीत आगडोंब उसळला. मोबाईलवर निरोप फिरले, बायकांनी मुलं खाली खेळायला पाठवायचं बंद केलं. ते चूक होतं असं कोण म्हणेल? आपल्या दारात असा माणूस कुणालाच नको असतो.

सोसायटीचे सेक्रेटरी क्लेमेंट कमळीचं जुनं गिऱ्हाईक. ते टोपलीपाशी येऊन हळूच म्हणाले, "मावशी, रविवारी मीटिंग आहे. तुम्ही बोललात तर फार फरक पडेल." कमळी गेली. ज्या आवारात तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं तिथे तिला खुर्ची दिली, चहा दिला. मग ती बोलली, सगळं बोलली, आणि शेवटी म्हणाली, "तो हितं नको. हितं पोरी खेळतात." बायकांनी डोळे पुसले, तिचे हात हातात घेतले. मग एक अर्ज पुढे आला. क्लेमेंटनी तो वाचून दाखवला आणि चौथी शिकलेल्या कमळीने त्याच्यावर नीट, एकेक अक्षर लावून सही केली.

घरी येऊन ती रचनाला म्हणाली, "सगल्यांनी नाय म्हनलं. आता तो सुटत नाय."

तिचा हिशेब साधा होता. ती वाढली गावकीत. तिच्या गावात चार जुनी माणसं देवळापुढे बसून नाही म्हणाली की ते नाहीच असतं. मग त्या माणसाला ना कुणी पाणी देत, ना कुणी त्याच्या दारात जात. अख्ख्या सोसायटीने हात वर करून नाही म्हटल्यावर आणखी काय हवं? सरकारच्या लेखी मात्र नाही म्हणजे एवढंच, की तो पत्ता खोडा आणि दुसरा लिहा. हे तिला कुणी सांगितलं नाही. सांगावंसं कुणाला वाटलंही नसेल.

महिन्याभराने एका सकाळी टोपली घेऊन निघताना तिला वाडीतल्या जुन्या घराचं कुलूप निघालेलं दिसलं. अल्पेशची आई अंगण झाडत होती. तिने कमळीला पाहिलं, मान खाली घातली आणि झाडू न टाकता आत निघून गेली.

कमळी टोपली तशीच दारात टाकून पोलीस ठाण्यात धावली. हवालदार वाईट नव्हता. त्याने तिला बसवलं, कागद काढले. बापाने आता जुन्या घराचा पत्ता दिला होता, आणि शेजाऱ्यांचे जबाब घेतले होते म्हणाला. शेजारी म्हणजे विकलेल्या अर्ध्या वाडीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीतले दोन भाडेकरू. ते गेल्या वर्षी आलेले, अल्पेश कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. आपली काही तक्रार नाही, असं ते म्हणाले.

"आन मी? मना नाय इचारलं कोनी?"

"तुमचा अर्ज आहे ना मावशी," हवालदार म्हणाला. "एव्हरशाईन सिटीत राहू देऊ नये, असं तुम्हीच लिहून दिलंय. तुमची हरकत मान्य झाली."

कमळीने कागद पुढे ओढून आपलीच सही बघितली, एकेक अक्षर लावून केलेली.

गावकीकडेही ती गेली. चुलतदीर बळीराम तिथला प्रमुख. त्याने सगळं ऐकून घेतलं, कपाळ चोळलं. "वयनी, गावकी बोलवतू. पन पोलिसांच्या कागदाम्होरं आपलं काय चालनार? आन आता गावात आपली घरं तरी किती रायली?" मग तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "पोरीला थोडं दिस मावशीकडं धाड. पापडीला." तो मायेने बोलत होता, म्हणून तिला त्याला शिवीही देता येईना.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी बायका हसत आल्या. "मावशी, तुमच्यामुळे सुटलो हो आम्ही!" एकीने चार जुड्या घेतल्या आणि भावही केला नाही. तो कुठे गेला, हे एकीनेही विचारलं नाही. कमळीने त्यांना सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं?

संध्याकाळी रचना बॅग भरत होती. कुलूप निघाल्यापासून ती दुकानात गेली नव्हती. ती रडत नव्हती, कपड्यांच्या घड्या घालत होती, आणि कमळीला तेच बघवत नव्हतं.

"आये," रचना म्हणाली, "तिकडे नको म्हणालीस, तेव्हा तो कुठे जाईल असं वाटलं तुला?"



"मना वाटलं, कुठंच नाय."

रचनाने बॅगेची चेन लावली. बाहेर पापडीची रिक्षा येऊन थांबली होती.